रोजच्या रात्रीचं वॉन्टन सूप: पाऱ्या उकलतात, सूप गढूळ होतं. काय चुकतंय?

गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे. थंडी सुरू झाल्यापासून आमच्याकडे रात्री पोळीभाजीपेक्षा काहीतरी गरम आणि पातळ हवं असतं. गंगेकडून, म्हणजे गोदावरीकडून, वारा सुटला की दारं-खिडक्या लावूनही घर गारच. धाकटीने मैत्रिणीकडे वॉन्टन सूप, म्हणजे मैद्याच्या सारण भरलेल्या पाऱ्यांचं चिनी सूप, खाल्लं, तेव्हापासून तिची एकच मागणी.

आज केलं. मैदा गरम पाण्यात भिजवला, कारण ज्या व्हिडिओत पाहिलं त्यात तसंच होतं. कोबी, गाजर, कांद्याची पात आणि चिकनचा खिमा परतून सारण केलं, पुरीएवढ्या पाऱ्या लाटल्या, मैदा भुरभुरवून बंद केल्या आणि उकळत्या सुपात सोडल्या. पाच मिनिटांत निम्म्या उकलल्या. सारण सुपात, सूप खळीसारखं दाट आणि राखाडी. पोरांनी खाल्लं, पण मला ते वाढताना वाईट वाटलं.

मी अंबडहून घरी येते साडेसातला. नऊच्या आत ताटं वाढायची असतात. सासूबाई माळकरी आहेत, कांदा-लसूणही खात नाहीत. त्यामुळे त्यांचं भांडं, झारा, सगळं वेगळं. त्यांनाही हे सूप खायचं आहे, त्यांनी स्वतःहून म्हटलं. एवढं सगळं रोजच्या रात्री बसवता येतं का? कोणी नियमित करतं का?

सातपूरकर | मंगळवार, रात्री ११.०५

तीन गोष्टी सांगा. सारण भरताना गरम होतं का? मैदा पारीच्या आतल्या बाजूलाही लागला होता का? आणि सूप खळखळून उकळत होतं का?

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११.१२

कोमट होतं. मैदा दोन्ही बाजूंना होता, चिकटू नये म्हणून. आणि हो, गॅस मोठाच ठेवला होता, घाई होती.

चुलीपाशी | बुधवार, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मी गेली सहा वर्षं हिवाळ्यात हे सूप आठवड्यातून एकदा करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट गरम पाणी. मैद्यावर गरम पाणी पडलं की त्यातला स्टार्च तिथल्या तिथे शिजून फुगतो आणि चिवटपणा नीट तयार होत नाही. पीठ मऊ, लाटायला सोपं होतं. चीनमध्येही वाफवायच्या काही प्रकारांना असंच पीठ लागतं. पण उकळत्या पाण्यात सोडायचा प्रकार असेल तर पारीला ताकद हवी आणि ती गार पाण्यात भिजवून, मळून, विश्रांती देऊनच येते. २५० ग्रॅम मैद्याला साधारण ११५ मिली गार पाणी आणि अर्धा चमचा मीठ. सुरुवातीला कोरडं वाटेल, पाणी वाढवू नका. गोळा झाला की ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, परत मळा, मग अर्धा तास झाका. शंकरपाळ्यांच्या पिठाइतकं घट्ट हवं.

लाटताना मैदा वापरू नका, कॉर्नफ्लॉर वापरा. मैदा पारीत मुरतो आणि पाण्यात गेला की चिकट होतो, कॉर्नफ्लॉर वरच्या वर राहून धुतलं जातं. पोळपाट दिसेल इतकं पातळ लाटून आठ सेंटिमीटरचे चौकोन कापा. एवढ्या पिठात चाळीसेक होतात. मधे एक लहान चमचा सारण, जास्तीचा मोह नको. कडेचं कॉर्नफ्लॉर बोटाने पुसून, पाण्याचं बोट फिरवून, आधी सारणाच्या भोवती दाबत हवा बाहेर काढायची आणि मग कड बंद करायची. आत राहिलेली हवा तापली की फुगते आणि शिवण फाडते. करंजी तळताना फुटते त्याचंही बऱ्याचदा हेच कारण असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वॉन्टन सुपात उकळायचेच नाहीत. वेगळ्या पातेल्यात, भरपूर साध्या पाण्यात उकळायचे, झाऱ्याने काढून वाडग्यात ठेवायचे आणि वरून गरम सूप ओतायचं. पाऱ्यांवरचं सगळं पीठ त्या पाण्यात जातं, सूप नितळ राहतं. एवढं एक केलंत तरी तुमचं निम्मं दुखणं जाईल.

सारण परतायचं नसतं हेही सांगायचं राहिलं. खिमा कच्चाच भरायचा. परतलेला खिमा आत सुटा सुटा राहतो. २५० ग्रॅम लेगच्या मांसाचा खिमा घ्या, ब्रेस्टचा कोरडा होतो. त्यात अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा लाइट सोया सॉस, किसलेलं आलं, पांढरी मिरपूड, एक चमचा कॉर्नफ्लॉर. मग तीन मोठे चमचे थंड पाणी थोडं थोडं घालत एकाच दिशेने घोटत राहा. दोन-तीन मिनिटांत खिमा चिकट होऊन भांड्याची कड सोडतो. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि पाणी धरून ठेवतात, म्हणून शिजल्यावर आतून रसदार लागतं. पात बारीक चिरून शेवटी.

पेठरोडचा | बुधवार, सकाळी ९.१५

चुलीपाशी यांचं वेगळ्या पातेल्याचं म्हणणं पटलं, कारण मी तेच डोळ्यांनी पाहिलंय. कामानिमित्त तीन आठवडे शांघायला होतो. राहायच्या जागेखाली सकाळी एक जोडपं छोटे वॉन्टन विकायचं. लोक तिथे नाश्त्याला खातात. एका मोठ्या पातेल्यात फक्त पाणी, दुसऱ्यात सूप. रिकाम्या वाडग्यात आधी थोडा सोया सॉस, मीठ, पांढरी मिरपूड, तिळाच्या तेलाचे थेंब, सुकी समुद्री पानं, अगदी बारीक सुकी कोळंबी, ऑम्लेटच्या पट्ट्या आणि पात. त्यावर गरम सूप, मग वॉन्टन. चव वाडग्यात तयार होते, पातेल्यात नाही. तुमच्या घरासाठी हे फार सोयीचं आहे. सूप बेताचंच ठेवायचं, मग मुलांच्या वाडग्यात वेगळं, मोठ्यांच्या वाडग्यात तिखट तेल.

नावाचं सांगतो. उत्तरेकडच्या चिनी भाषेत याला हुनतुन म्हणतात. वॉन्टन हा दक्षिण चीनमधला कँटनी उच्चार, आणि तिकडे हा शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो ‘ढग गिळणं’. सुपात तरंगणाऱ्या पातळ पाऱ्या बघितल्या की ते नाव कळतं. सिचुआनमध्ये त्यालाच चाओशोऊ म्हणतात, म्हणजे हाताची घडी. दोन टोकं एकमेकांवर आणून चिकटवतात, तसं.

बारीक सुक्या कोळंबीला आपल्याकडे सुकट आहे. बुधवारच्या बाजारातून आणलेली सुकट मी कोरडी भाजून, डोकी काढून, चिमूटभर वाडग्यात टाकतो. चव जवळ जाते.

शेंगोळेवाली | बुधवार, दुपारी १.३०

मला एक शंका आहे. आपण शेंगोळे रश्शातच शिजवतो, वरणफळं वरणातच. पिठाने रस्सा दाट होतो आणि तेच तर हवं असतं. मग इथे वेगळं पाणी कशाला? पीठ उतरलं तर चव वाढते असंच मला आईने शिकवलं.

चुलीपाशी | बुधवार, दुपारी ३.१०

तुमच्या आईचं बरोबर आहे, शेंगोळ्यांसाठी. कुळथाच्या पिठाला स्वतःची चव आहे, लसूण-मिरचीचं वाटण तो दाटपणा पेलतं. मैद्याला तशी चव नाही. हे सूप आहे आलं, मिरपूड आणि हाडांच्या अर्काचं, अगदी हलकं. त्यात मैदा उतरला की पहिल्यांदा आलंच हरवतं. करून बघा, दोन्ही वाडगे शेजारी ठेवून चाखा.

पण उकळायचं पाणी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. उत्तर चीनमध्ये ज्याओझी, म्हणजे जाड पारीचे अर्धचंद्राकृती, खाऊन झाल्यावर तेच उकळलेलं पाणी वाटीत घेऊन पितात. पोटाला बरं असा त्यांचा समज. आपण भाताची पेज पितो तसंच.

शेंगोळेवाली | बुधवार, दुपारी ३.४०

पेजेचं उदाहरण दिलंत, लगेच समजलं. रविवारी दोन्ही वाडगे करून बघते.

मिरेपूड | बुधवार, सायंकाळी ७.००

गाडीवरच्या सुपासारखी चव घरी येत नाही. ते अजिनोमोटो घालतात म्हणून का? मुलांना द्यायची भीती वाटते.

सातपूरकर | बुधवार, सायंकाळी ७.४५

ती चव ग्लुटामेटची. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेडा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शैवालातून ते वेगळं केलं, आणि त्याचंच मीठ नंतर अजिनोमोटो नावाने विकायला आलं. पिकलेल्या टोमॅटोत, सोया सॉसमध्ये, जुन्या चीजमध्ये हेच ग्लुटामेट मुळातच असतं. नेहमीच्या स्वयंपाकातल्या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं, पण घालायचं नसेल तर अडत नाही. गाडीवरच्या सुपात मीठ, कॉर्नफ्लॉर आणि डार्क सोया सॉसही भरपूर असतो, सगळी चव एका चिमटीची नसते. घरी एक पिकलेला टोमॅटो आणि थोडे मशरूम एकत्र उकळा. दोघांतले घटक एकमेकांची चव वाढवतात. सुके शिताके मशरूम मिळाले तर दोन पुरतात, ते भिजवलेलं पाणीही सुपात जाऊ द्या.

लाइट आणि डार्क सोया सॉसची बाटली नीट वाचून घ्या. डार्कने सूप काळं होतं.

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कामावर जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचून काढलं. आता सासूबाईंचं सांगा ना. कांदा-लसूण नाही, मशरूमही त्या खात नाहीत. मग सुपाला चव कशाने आणायची? निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाऊन आल्या की त्या थंडीने गारठलेल्या असतात, तेव्हा त्यांना हे सूप द्यायची माझी फार इच्छा आहे.

चुलीपाशी | गुरुवार, सकाळी ६.३०

यात्रा पौषात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे.

तुम्हाला ऐकून बरं वाटेल, चीनमधल्या बौद्ध विहारांच्या स्वयंपाकघरात मांस तर नाहीच, कांदा, लसूण, पातही चालत नाही. शेकडो वर्षं त्यांनी त्याशिवाय सूप केलंय. त्यांचा एक आधार म्हणजे मोड आलेलं सोयाबीन. मोड आणणं आपल्याला कोणी शिकवायला नको. एक वाटी सोयाबीन भिजवून मोड काढा, चमचाभर तेलात पाच-सात मिनिटं परता, खमंग वास सुटला पाहिजे. मग दीड लिटर पाणी, आल्याचे चार काप, कोबीचा दांडा, एक गाजर, एक टोमॅटो, आठ-दहा मिरे, कोथिंबिरीचे देठ. कुकरला दोन शिट्ट्या, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. गाळून घ्या. मशरूमची उणीव जाणवणार नाही.

सारणाला दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि पिळा, अगदी घट्ट. हे टाळलंत तर पारी आतून ओली होऊन फाटणार. पिळलेलं पाणी सुपात घाला, पण मग सुपाचं मीठ बेताने. दीडशे ग्रॅम सोया पनीर वजनाखाली ठेवून, निथळून, कुस्करून. गाजराचा कीस, आलं, पांढरी मिरपूड, चमचाभर कॉर्नफ्लॉर. घट्ट लाडू वळता आला पाहिजे.

तिळाच्या तेलाबद्दल सावध राहा. चिनी तेल भाजलेल्या तिळांचं असतं, गडद तपकिरी, खूप वासाचं. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं, त्याला तो वास नाही. आणि पूजेच्या दुकानातलं दिव्याचं तेल खायचं नसतं. भाजलेलं तेल नसेल तर तीळ खरपूस भाजून जाडसर कुटा आणि वाडग्यात घाला. मला तर तेच जास्त आवडतं.

पेठरोडचा | गुरुवार, सकाळी ८.००

एक सुचवतो. दोन प्रकार दोन आकारांचे करा. चिकनचे त्रिकोणी, शाकाहारी मोदकासारखे. फ्रीझरमध्येही मिसळले जाणार नाहीत आणि वाढताना आईंच्या मनात शंका राहणार नाही.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.३०

सांगायला आले. आज दुपारी बसलो आम्ही तिघी, मी, सासूबाई आणि धाकटी. आधी शाकाहारी भरले, ते सगळं आवरून, ओटा पुसून मग चिकनचे. सासूबाईंना चौकोन कापलेले आवडले नाहीत, त्यांनी वाटीने गोल पाडून घेतले आणि प्रत्येकाला मोदकासारख्या कळ्या घातल्या. इतक्या पटापट की माझे आठ होईपर्यंत त्यांचे वीस. त्यांचा एकही फुटला नाही. माझे दोन फुटले. दोन्हींमध्ये सारण जास्त झालं होतं, भरतानाच कळलं होतं.

गार पाण्याचं पीठ मळताना हात दुखले, पण लाटताना फरक लगेच कळला. ताणलं तरी फाटत नव्हतं. खिमा एका दिशेने घोटल्यावर खरंच चिकट झाला. आणि सूप नितळ! वाडग्याचा तळ दिसत होता. धाकटीने चमच्याने पात बाजूला करून तळाशी काय काय आहे ते मोजलं.

चिकनच्या सुपासाठी कुकरमध्ये हाडं, आलं, मिरे आणि पातीचे पांढरे भाग घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटं ठेवलं. हाडं आधी पाण्यात एकदा उकळून ते फेसाचं पाणी फेकलं, हे मला माझ्या जावेने सांगितलं. कुकरची वाफ आपोआप जाऊ दिली. सूप अगदी सोनेरी आलं.

चिकनचे बावीस आणि शाकाहारी सव्वीस उरलेत. ते आता फ्रीझरमध्ये कसे ठेवू?

सातपूरकर | रविवार, रात्री ९.५०

कॉर्नफ्लॉर भुरभुरवलेल्या ताटात एकमेकांना न टेकता मांडा, ताट तसंच फ्रीझरमध्ये. दोन-तीन तासांनी दगडासारखे झाले की पिशवीत भरा, हवा काढून. आधीच पिशवीत भरलेत तर एकच गोळा होईल. शाकाहारी पिशवी वरच्या खणात ठेवा. महिनाभर छान राहतात. सूपही डब्यांत भरून गोठवा.

उकळताना वितळवू नका, थेट पाण्यात. वितळले की पारी ओलसर होऊन तळाला चिकटते. पाणी उकळलं की एका वेळी दहा-बारा सोडा, झाऱ्याच्या पाठीने हलकेच ढकला. उकळी वर आली की अर्धी वाटी गार पाणी घाला, असं दोन-तीनदा. ज्याओझी असेच उकळतात. पाणी खळखळत नाही, पारी धक्के न खाता राहते, आणि आतलं शिजायला वेळ मिळतो. वर तरंगल्यावरही दोन मिनिटं ठेवा. चिकनचा एक कापून बघा, आत गुलाबी नको.

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडू नका. कच्च्या चिकनचे वितळून मऊ आणि कोमट झाले असतील तर फेकून द्या, परत गोठवून मुलांना देऊ नका. इथे काटकसर नको.

शेंगोळेवाली | सोमवार, सकाळी ११.००

मी दोन्ही वाडगे केले. वेगळ्या पाण्यातलं सूप खरंच वेगळं लागलं, आलं आणि मिरपूड घशापर्यंत जाणवली. पण घरच्यांनी दाट वाडगाही संपवला. दाट सुपात मी लसणाची फोडणी घातली होती, आमच्याकडे त्याशिवाय चालत नाही.

गोदाकाठची | गुरुवार, रात्री ९.०५

आज रोजच्या रात्रीची परीक्षा होती, म्हणून वेळ लिहून ठेवली.

७.४० ला घरात. ७.५० ला दोन शेगड्यांवर दोन सूपं गरम करायला ठेवली. डबे सकाळीच फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवले होते. दहा मिनिटांत पात, कोथिंबीर चिरली, वाडग्यांत सोया सॉस, मिरपूड, कुटलेले तीळ घातले. सासूबाईंच्या वाडग्यात पात नाही. ८ वाजता सूपं उतरवून दोन पातेल्यांत पाणी, झारे वेगळे. त्यांचे मोदक आधी उकळले, कारण त्या लवकर जेवतात. मग मुलांचे. ८.२५ ला सगळे जेवायला बसलो.

एकही फुटला नाही. सोबत कालची भाकरी होती, मोठ्याने ती सुपात कुस्करून खाल्ली आणि छान लागते म्हणाला. सासूबाईंनी दुसरा वाडगा मागितला. त्यांचे अकरा उरलेत, ते त्यांनी यात्रेहून परत येईपर्यंत ठेवायला सांगितलेत. मी पिशवीवर तारीख घातली आहे.

चुलीपाशी | गुरुवार, रात्री ९.३०

यात्रेला अजून महिन्याहून जास्त आहे ताई. ते अकरा आधी खाऊन टाका, पारीला फ्रीझरमध्ये चिरा पडायला लागतात. त्यांच्यासाठी यात्रेच्या आदल्या रविवारी ताजे करून ठेवा, आणि सोयाबीन त्याच्या तीन दिवस आधी भिजत घाला. थंडीत मोड यायला वेळ लागतो.